इराण्याकडे पहिल्यांदा जेवायला जाताना

आमच्या ऑफिसात नवीन लागलेली एक मुलगी मागच्या महिन्यात एकटीच मुंबईत फोर्टातल्या एका जुन्या इराण्याकडे, म्हणजे इराणी हॉटेलात, जेवायला गेली आणि परत आली तेव्हा तिचं तोंड बघण्यासारखं होतं. पंखा खडखडतो, एसी नाही, सव्वातीनला पोचले तर वेटर म्हणतो किचन बंद होतंय, मेनूतल्या चार गोष्टी मागितल्या, चारही नाहीत, शेवटी ऑम्लेट पाव खाल्ला आणि पाचशेची नोट दिली म्हणून गल्ल्यावरच्या म्हाताऱ्याने वर दोन शब्द ऐकवले. तिचं एकही वाक्य खोटं नव्हतं. पण सव्वातीनला इराण्याकडे जेवायला जाणं म्हणजे रात्री अकराला लग्नाच्या पंगतीला पोचण्यासारखं आहे, वाढपी निघून गेलेले असतात आणि उरलेल्या जिलब्या मोजत आचारी बसलेला असतो.

तर तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. मी फोर्टात बावीस वर्षं नोकरी केली आणि त्यातली निम्मी दुपारची जेवणं असल्याच ठिकाणी झाली, म्हणून जे कळलंय ते सांगतो.

आधी कुठला इराणी ते ठरवा

इराणी म्हटलं की सगळे एकच समजतात, तसं नाहीये. साधारण तीन प्रकार धरून चाला. एक बेकरीवाला, म्हणजे धोबी तलावला मेट्रो सिनेमाच्या समोर कयानी आहे (१९०४ चं), किंवा तिथून जवळच ससॅनियन (१९१३), हे सकाळचे लोक, चहा, बन मस्का, आम्लेट, खिमा, केक. दुसरा बिअरवाला, फोर्टातलं कॅफे मिलिटरी (१९३३) त्यातलं, तिथे दुपारी खिमा आणि थंड बाटली घेऊन बसलेले वकील आणि पत्रकार पूर्वी हमखास दिसायचे. आणि तिसरा म्हणजे नुसता दुपारच्या जेवणाचा, त्यातलं सगळ्यात नावाजलेलं बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया, १९२३ पासून. केक खायला तिसऱ्याकडे गेलात आणि धनसाक (डाळ-मटणाचा पारशी पदार्थ) खायला पहिल्याकडे गेलात तर हाल होणार, आणि त्यात दोष तुमचा.

पारशी आणि इराणी यात पण लोक घोळ घालतात. पारशी इथे हजारेक वर्षांपूर्वी गुजरातच्या किनाऱ्यावर आले, आणि हे इराणी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून पुढे, जास्त करून यझ्द आणि केरमानकडून. बरेचसे झरतुष्टी, म्हणजे पारशांच्याच धर्माचे, पण शिया मुसलमान इराण्यांची पण हॉटेलं होती आणि आहेत. भिंतीवर झरतुष्टाचा फोटो आणि हार दिसला की कळतं कोणाकडे आलोय ते. आणि हो, ही हॉटेलं नेहमी कोपऱ्यावरच का असतात, तर असं सांगतात की आपल्या हिंदू दुकानदारांना कोपऱ्याची जागा अपशकुनी वाटायची, मग ती स्वस्तात मिळायची आणि इराणी ती उचलायचे. खरंखोटं काही असो, दोन रस्त्यांना दोन दरवाजे, दोन्हीकडून वारा आणि दोन्हीकडून गिऱ्हाईक, धंद्याच्या हिशोबाने यापेक्षा भारी जागा नाही.

एकेकाळी मुंबईत असली साडेतीनशेच्या आसपास हॉटेलं होती म्हणतात, आता बोटांवर मोजायची झाली, हातापायांची बोटं धरून फार तर. म्हणून पहिली गोष्ट, जायच्या आधी फोन करा किंवा कोणालातरी विचारा, चालू आहे का, दुरुस्तीला बंद आहे का, कायमचं बंद झालंय का. ग्रँट रोड स्टेशनबाहेरचं मेरवान (१९१४) बंद होणार म्हणून २०१४ ला बातमी आली तर मावा केकसाठी लोकांनी लाइनी लावल्या, मी पण लावली, आणि मग डागडुजी करून ते पुन्हा उघडलं, लोकांचे अश्रू फुकट गेले. पण धोबी तलावचं बास्तानी गेलं ते गेलंच. म्हणून फोन करा.

वेळ, हीच सगळ्यात मोठी गोष्ट

हे नीट समजून घ्या, बाकी विसरलात तरी चालेल. फोर्टातला इराणी ऑफिसच्या घड्याळावर चालतो. साडेबारा ते दोन हा त्याचा दिवस. सकाळी मटण शिजतं, बाराला तयार होतं, आणि अडीचपर्यंत संपतं, पातेलं संपलं की तो पदार्थ त्या दिवसापुरता संपला, पुन्हा कोणी चढवत नाही. पूर्वी दोन्ही वेळा चढायचं. पूर्वी म्हणजे बँका, शिपिंग कंपन्या, शेअर दलाल, वकील, वर्तमानपत्रं सगळी इथेच होती तेव्हा. मग नव्वदनंतर एकेक करून कंपन्या बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) आणि लोअर परळला गेल्या, शेअर बाजारातले व्यवहार स्क्रीनवर आले, आणि दुपारी एकला जी झुंबड उडायची ती पातळ होत गेली. त्याच्या आधी उडप्यांनी डोसा इडलीने निम्मं गिऱ्हाईक पळवलं होतंच. त्यात २०२० ला ऑफिसंच बंद, मग वर्क फ्रॉम होम. तर आता एकच पातेलं.

यावरून मेनू कार्डाचं कोडं पण सुटतं. ते कार्ड दोन पातेल्यांच्या काळातलं आहे. त्यावर साठ पदार्थ असतील, त्यातले आज बारा असतील. वेटर खोटं बोलत नाही आणि तुमच्यावर रागावलेला पण नाही, छापायला पैसे पडतात म्हणून जुनंच कार्ड चालू आहे, वर किमतीवर पांढरी चिकटपट्टी लावून नवी किंमत पेनाने.

रविवारी बरेचसे बंद असतात, कारण फोर्टच बंद असतो. शनिवारी उघडे असतात पण शनिवारी कॅमेरेवाले येतात. मंगळवार, बुधवार, गुरुवार, सव्वाबाराला दारात. हे माझं ठाम मत आहे.

कसं जायचं

सीएसएमटीला उतरलात तर जीपीओच्या बाजूने बॅलार्ड इस्टेट दहा पंधरा मिनिटांत चालत, टॅक्सी करू नका, तो भाग चालण्यासाठीच आहे, गोदीच्या खोदाईतली माती टाकून भर घातली आणि जॉर्ज विटेटने (गेटवेवाला तोच) तिथल्या इमारती एका साच्यात बांधल्या, सावली चांगली पडते. कॅफे मिलिटरीला हुतात्मा चौकाकडून, आता भुयारी मेट्रोचं स्टेशनच आहे तिथे. कयानीला मरीन लाइन्सला उतरून. पावसाळ्यात चप्पल घाला, फरशी ओली असते आणि जुनी फरशी म्हणजे साबणच.

आत शिरल्यावर

कोणी तुम्हाला या बसा म्हणणार नाही. रिकामी खुर्ची बघायची आणि बसायचं. टेबल रिकामं नसेल आणि चारजणांच्या टेबलावर एकच माणूस बसला असेल तर त्याला नुसतं "बसू का?" म्हणायचं आणि बसायचं, तो मान हलवेल आणि पेपरात डोकं घालेल. हे नवीन लोकांना फार जड जातं, अनोळखी माणसाच्या ताटासमोर आपलं ताट. पण इराण्याकडे टेबल आपलं नसतं, खुर्ची आपली असते. एकट्याने चारजणांचं टेबल एक वाजता अडवून बसलात तर म्हातारा गल्ल्यावरून बघतो, आणि तो आरशातून बघतो. त्या भिंतीभर लावलेल्या आरशांचं कारण शोभा हे आहेच, पण गल्ल्यावर बसून चारी कोपरे दिसतात हे पण आहे.

संगमरवरी टॉप, बोटीने युरोपातून आलेल्या वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, लाल चौकड्यांचा टेबलक्लॉथ आणि त्यावर काच. खुर्ची बसायच्या आधी हलवून बघा. मजाक नाही करत, शंभर वर्षांची खुर्ची आहे, एखादीचा पाय रुसलेला असतो, आमच्यातला एकजण ऐन खिम्याच्या पहिल्या घासाला खाली बसला होता. काचेखाली कधीकधी सूचना लावलेल्या असतात, भिंतीवर तर असतातच, हे करू नका ते करू नका, केस विंचरू नका, उगाच बसून राहू नका, भांडू नका. हसू येतं पण त्यातली बसून राहू नका ही अजून लागू आहे.

छताचे पोपडे, ओल, वायरी लोंबकळतायत, हे सगळं बघून लोक म्हणतात मालक कंजूष आहे. अर्धसत्य. बऱ्याच इमारती पागडीच्या आहेत, भाडं जुन्या काळातलं, त्यामुळे घरमालकाला दुरुस्तीत रस नाही, आणि हॉटेलवाला भाडेकरू, त्याला दुसऱ्याच्या भिंतीवर लाखो रुपये घालायचे नाहीत. मधल्यामधे पोपडे पडतात. पंख्याच्या बरोबर खाली बसू नका, पोपड्यासाठी नाही, पेपर नॅपकीन उडतात म्हणून.

बेसिन बहुतेक मागे कोपऱ्यात असतं. आधी हात धुवून या, जेवण झाल्यावर तिथे गर्दी असते.

ऑर्डर

आता मुद्द्याचं. मेनू कार्ड उघडायचंच नाही. आजूबाजूच्या तीन टेबलांवर काय आहे ते बघायचं. तीनपैकी दोन टेबलांवर जे आहे ते आजचं ताजं पातेलं. आणि वेटरला "काय चांगलंय?" असं विचारू नका, तो "सगळं चांगलंय" म्हणेल, त्याला दुसरं काही म्हणताच येत नाही बिचाऱ्याला. "आज काय आहे?" विचारा. मग तो पाठ असलेली यादी एका दमात म्हणून टाकतो, ऐकू नाही आली तर पुन्हा म्हणायला लावा, लाजू नका.

धनसाक असेल तर आणि दोघं असाल तर एकच मागवा. डाळी, लाल भोपळा, वांगं, मेथी आणि मटण हे सगळं एकत्र शिजून घोटून गेलेलं असतं, बरोबर तपकिरी भात आणि कचुंबर, खाऊन उठलात की ऑफिसात तीनच्या मीटिंगला डोळे मिटतात, हे गॅरंटीने. पारशी घरात हे रविवारचं जेवण आहे, कारण नंतर झोपता येतं. आणि शुभकार्याला करत नाहीत, घरात कोणी गेलं की तीन दिवस मटण वर्ज्य आणि चौथ्या दिवशी धनसाक, म्हणून. तेव्हा कुठल्या पारशी मित्राला वाढदिवसाला धनसाक खिलव म्हणू नका, मी म्हटलं होतं. बऱ्याच ठिकाणी धनसाक ठराविक वारीच असतं, फोनवर ते पण विचारून घ्या.

बेरी पुलाव ही ब्रिटानियाची खासियत. बिर्याणी समजून खाल तर निराश व्हाल, तिखट नाही, मसाला भाताच्या खाली दडलेला असतो, वर तळलेला कांदा, काजू आणि ती लाल आंबट फळं, झरेश्क, इराणहून येतात. वरूनवरून खाऊ नका, चमचा तळापर्यंत घाला आणि वर ओढा. तिथले जुने मालक बोमन कोहिनूर २०१९ ला गेले, सत्याण्णव वर्षांचे होते, शेवटपर्यंत टेबलाटेबलावर जाऊन स्वतः ऑर्डर घ्यायचे आणि इंग्लंडच्या राणीचे एवढे भक्त की २०१६ ला प्रिन्स विल्यम आणि केट मुंबईत आले तेव्हा ताजमधे त्यांना भेटायला गेले. ते गेल्यावर तिथे जाणारे निम्मे लोक म्हणतात मजा गेली. पुलाव तोच आहे असं माझं म्हणणं, पण गप्पा गेल्या हे कबूल.

सल्ली बोटी म्हणजे मटणाच्या रश्शावर बटाट्याच्या तळलेल्या काड्या. काड्या आधी खा, दोन मिनिटांत मऊ पडतात आणि मग ते नुसतं बटाट्याचं मटण.

खिमा हा सगळ्यात सेफ. सुका का रस्सा ते सांगा, आणि पावाला "कडक" म्हणा, म्हणजे ब्रून येईल, वरून टणक आतून मऊ. टाळ्याला ओरखडे पडतात पहिल्यांदा, सवय होते. खिमा घोटाळा म्हणजे त्यात अंडं फोडून घोटलेलं, नावावर जाऊ नका. खिमा कशाचा हे मात्र विचारा, मटण, चिकन की म्हशीचा, ज्यांना काही चालत नाही त्यांनी तर विचाराच, कोणी राग मानत नाही, रोज दहाजण विचारतात. २०१५ ला राज्यात गोवंश बंदी आल्यापासून तसंही बरंच बदललं.

अंड्याचं म्हणाल तर अकुरी, म्हणजे आपली बुर्जीच पण ओलसर, कांदा कोथिंबीर मिरची, आणि कशावरही अंडं फोडून घालायची पारश्यांची हौस, भेंडीवर अंडं, सल्लीवर अंडं, टोमॅटोवर अंडं. "पर ईडू" असं लिहिलेलं दिसलं की समजायचं वर अंडं आहे.

शाकाहारी लोकांना मी खरं सांगतो, जेवायला येऊ नका, चहाला या. व्हेज पुलाव, व्हेज धनसाक मिळतं बऱ्याच ठिकाणी, पण ते केलेलं असतं तुमच्याबरोबर आलेल्या बिनशाकाहारी माणसाच्या सोयीसाठी. त्याऐवजी सकाळी आठला बन मस्का आणि पानी कम चहा. पानी कम म्हणजे दूध जास्त, चहा कडक, दोनचार रुपये जास्त पडतात. बन चहात बुडवायचा, लोणी वितळून चहावर तवंग येतो, तो पण प्यायचा. श्रावणात माझं हेच चालतं.

प्यायला लाल रास्पबेरी सोडा मागा, पालनजीची मिळाली तर तीच, ती कंपनी १८६५ ची आहे, आणि चव म्हणाल तर लहानपणीच्या खोकल्याच्या औषधात साखर घातल्यासारखी, पहिल्या घोटाला तोंड वाकडं होतं. धनसाकबरोबर मात्र तीच लागते. पूर्वी ड्यूक्सची पण असायची सगळीकडे, १९९४ ला ती पेप्सीने घेतली.

कॅरमल कस्टर्ड जेवणाच्या सुरवातीलाच सांगून ठेवा. शेवटी सांगितलंत तर संपलेलं असतं. हे मी अनुभवाने सांगतोय, एकदा नाही, पाचसहा वेळा.

आणि काय मागवू नका ते पण ऐका: चायनीज, पनीर टिक्का, सँडविचची वीस नावं, पिझ्झा. हे कार्डावर नंतर शिरलेलं आहे, कॉलेजची मुलं यावीत म्हणून. करणारा तोच म्हातारा आचारी, त्याला त्यात रस नाही आणि ते चवीत कळतं. पापलेट पात्रानी मच्छी असेल तर छानच, पण किंमत आधी विचारा, मासा वजनावर आणि मोसमावर असतो.

वेटरशी वागणं

वेटर बहुतेक वयस्क, वीस तीस वर्षं तिथेच काढलेले, पूर्वी कोकणातले खूप असायचे. "अरे ए" करू नका. "काका" म्हणा, "मामा" म्हणा, मराठी असेल तर मराठीत बोला, लगेच फरक पडतो, कस्टर्ड कुठूनतरी उगवतं. मालकाला "शेठ". "बावाजी" (पारशाला म्हणतात ते) तोंडावर म्हणायचं का, ओळख असेल तर, नाहीतर नको.

चुटकी वाजवायची नाही. हात वर करून थांबायचं. उशीर होतो, कारण सहाजणांचं काम आता दोघं करतात, आणि नवीन पोरं या पगारात टिकत नाहीत. मालकांची पोरं पण टिकत नाहीत, शिकून कॅनडा नाहीतर ऑस्ट्रेलिया, त्यामुळे सत्तरीतला माणूस गल्ल्यावर बसलेला दिसतो, हौस म्हणून नाही.

ग्लासातलं पाणी चालेल का असं विचारतात लोक. मी बावीस वर्षं प्यायलो. तुमचं पोट नाजूक असेल तर बाटली मागा, त्यात काही कमीपणा नाही.

फोटो

एक फोटो काढा, दोन काढा, आणि जेवणाचा काढा. बाजूच्या माणसाचा घास तोंडात जाताना काढू नका, तो रोज इथे जेवतो, त्याला हे त्याचं कँटीन आहे. आणि एक चहा घेऊन चौघांनी तासभर शूट करणं, ऐन दीड वाजता, हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि शेवटी शेठने पंखाच बंद केला. मला आवडला तो उपाय.

बिल

पूर्वी बिल नसायचंच. तुम्ही उठून गल्ल्याकडे निघालात की वेटर मागून ओरडायचा, चष्मेवाला अमुक रुपये, आणि टेबलावर आधीच मांडलेल्या बशीतल्या केक खारीतलं काय उरलंय ते मोजून त्यात धरलेलं असायचं. आता चिठ्ठी येते, बडीशेपच्या बशीत. आकडे तपासा, बेरीज तोंडी केलेली असते, चुकते, दोन्ही बाजूंनी चुकते. शंभर आणि पन्नासच्या नोटा जवळ ठेवा, काही ठिकाणी क्यूआर कोड लागलाय पण काही ठिकाणी अजून रोखच, आणि कार्ड तर विसराच. टिप बशीत ठेवा, गल्ल्यावर देऊ नका, गल्ल्यावर दिलेली कुठे जाते ते विचारू नका.

स्वस्त असेल या समजुतीने जाऊ नका. चहा बन स्वस्त आहे, मटणाचं जेवण स्वस्त नाही, मटणाचा भाव काढा आणि ताटातले तुकडे मोजा, मग वाद घालावासा वाटणार नाही.

निघताना

बेकरीवाल्याकडे गेला असाल तर पार्सल जेवणाच्या आधी सांगून बाजूला काढून ठेवायला लावा, मावा केक दुपारपर्यंत टिकत नाही. खारी घेतलीत तर लोकलमधे पिशवी मांडीवर, रॅकवर नाही, रॅकवर ठेवलेली खारी दादरपर्यंत भुगा होते. मावा केक त्याच दिवशी खायचा, फ्रीजमधे ठेवला की दगड.

ती मुलगी परवा पुन्हा गेली, साडेबाराला, माझ्या सांगण्यावरून. एका वकिलांच्या टेबलावर बसली, खिमा कडक पाव खाल्ला, काका म्हणाली. कस्टर्ड सुरवातीला सांगायचं तेवढं विसरली.